बेरजेपूर्वीची मांडणी

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील चोरखमारा हे गाव तेथील विस्तीर्ण तलावामुळे आणि नागझिरा अभयारण्याच्या प्रवेशद्वारामुळे दूरवर परिचित आहे. धानाच्या या मुलखातील गावांचा वार्षिक हिशेब मात्र राज्यातील इतर गावांसारखाच असतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ अन्वये बसविलेल्या करांची मागणी व वसुली नमुना ९ मध्ये घरवार नोंदली जाते आणि मार्चअखेर जवळ आली की बेरजांना वेग येतो. हे काम हलके करणारे साधन म्हणजे संगणकावरील स्प्रेडशीट. १९७९ मध्ये अमेरिकेत डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी ‘व्हिसिकॅल्क’ या नावाने ते प्रथम बाजारात आणले. त्याची मांडणी हिशेबनिसाच्या उभ्या-आडव्या रेघांच्या कागदासारखीच होती.

तक्त्याचा पहिला नियम असा की, एका ओळीत एकच घर आणि एका रकान्यात एकाच प्रकारची माहिती असावी. मालमत्ता क्रमांक, खातेदाराचे नाव, मागील बाकी, घरपट्टी, पाणीपट्टी, एकूण मागणी, वसुली व शिल्लक असे रकाने पुरतात. उदाहरणादाखल, मागील बाकी २४०, घरपट्टी ३६० व पाणीपट्टी ६०० असल्यास एकूण मागणी १,२०० होते. ७०० रुपये वसूल झाल्यावर शिल्लक ५०० राहते. एकूण मागणी व शिल्लक हे आकडे हाताने न लिहिता त्या चौकटींत सूत्र द्यावे. बरोबरचे चिन्ह देऊन इंग्रजी अक्षरांत ‘सम’ लिहिले आणि कंसात पहिली व शेवटची चौकट अपूर्णविरामाने जोडली की बेरीज मिळते. वसुलीचा आकडा बदलताच शिल्लकही बदलते.

येथवर सारे सोपे आहे. अडचण निर्माण होते ती संगणक काही चुका निमूटपणे स्वीकारतो म्हणून. वसुलीच्या चौकटीत ‘७०० रोख’ असे लिहिले, तर तो मजकूर समजला जातो आणि बेरजेतून वगळला जातो. तक्रार कोणतीच येत नाही. अशा नोंदींसाठी शेरा हा वेगळा रकाना ठेवावा. संख्या सामान्यतः चौकटीच्या उजव्या कडेला व मजकूर डाव्या कडेला बसतो. रकान्यावरून एकदा नजर फिरविली तरी चूक ध्यानात येते. देवनागरीत टंकलेले अंकही याच कसोटीवर तपासून घ्यावेत. बेरजेची ओळ तळाशी ठेवण्यापेक्षा वर, शीर्षकाजवळ ठेवणे अधिक सोयीचे, कारण नव्या घराची नोंद शेवटी वाढविताना ती सूत्राबाहेर राहण्याचा संभव असतो. मात्र सूत्राची मर्यादा आधीच पुरेशी खालपर्यंत दिलेली असावी.

सर्वांत घातक चूक क्रमवारी लावताना होते. थकबाकीदारांची यादी मोठ्या रकमेपासून करावयाची म्हणून केवळ वसुलीचाच रकाना निवडून क्रम लावला, तर रकमा हलतात, नावे मात्र जागीच राहतात. पूर्ण कर भरलेल्या विधवेच्या नावापुढे दुसऱ्याची थकबाकी येते. आश्चर्य असे की वसुलीची एकूण बेरीज पैशानेही बदलत नाही! उभी व आडवी बेरीज जुळविण्याची जुन्या कारकुनांची पद्धत उत्तम खरी. पण येथे तीही चूक पकडू शकत नाही, कारण दोन्ही बेरजा जुळतात. म्हणून क्रम लावण्यापूर्वी संपूर्ण तक्ता निवडावा, मूळ प्रत वेगळ्या नावाने जपावी आणि मालमत्ता क्रमांकानुसार तक्ता पुन्हा पूर्ववत करून पाच-दहा नोंदी पावतीपुस्तकाशी ताडून पाहाव्यात.

गाळणी लावून एकाच वॉर्डातील घरे दाखविली, तरी ‘सम’चे सूत्र लपलेल्या ओळींचीही बेरीज धरते, हेही ध्यानात ठेवावे लागते. दिसणाऱ्या ओळींपुरती बेरीज हवी असल्यास ‘सबटोटल’ हे सूत्र वापरतात. ग्रामसभेत वॉर्डवार थकबाकी वाचून दाखविणाऱ्या सदस्याने, समोरचा आकडा यांपैकी कोणत्या सूत्राचा आहे, हे सभेपूर्वीच ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारून घ्यावे.