न मागता पुढ्यात काय येते?

अमेरिकेतल्या साखळी रेस्टॉरंटमध्ये मुलांसाठी वेगळे ‘किड्स मील’ असते. छोटा बर्गर, बटाट्याचे फ्राइज, एक पेय आणि बरेचदा खेळणे. पेय म्हणजे वर्षानुवर्षे कोलाच. 355 मिलिलिटर कोलात सुमारे 39 ग्रॅम साखर असते. मुलांच्या पोटात दिवसभरात वरून घातलेली साखर 25 ग्रॅमपेक्षा कमी जावी, असे अमेरिकन हार्ट असोसिएशन सांगते. म्हणजे एका पेल्यातच दिवसाचा हिशेब बिघडला. 2013 मध्ये ग्राहकहितासाठी झटणाऱ्या ‘सेंटर फॉर सायन्स इन द पब्लिक इंटरेस्ट’ने मोठ्या साखळ्यांतले मुलांच्या जेवणाचे सुमारे साडेतीन हजार पर्याय तपासले. त्यातले 97 टक्के पोषणाच्या निकषांवर नापास झाले.

कायद्याने हे बदलण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न खेळण्यावरून झाला. 2010 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीने आणि मग सॅन फ्रान्सिस्कोने नियम केला, की जेवण निकषात बसत नसेल तर त्याबरोबर खेळणे फुकट देता येणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोत मॅकडोनाल्ड्सने खेळण्याचे दहा सेंट लावले. नियमही पाळला गेला आणि खेळणेही मुलाच्या हाती पडले! शिवाय ‘सरकार मुलांची खेळणी काढून घेते’ अशी हाकाटी झाली ती वेगळीच.

पुढच्या मोहिमेने पेयाकडे मोर्चा वळवला. मागणी अगदी छोटी: मुलांच्या जेवणाबरोबर न मागता मिळेल ते पाणी किंवा साधे दूध. कोला हवा असेल तर आईवडिलांनी तो मागून घ्यावा. बंदी कशावरच नाही, त्यामुळे पालकांचा हक्क हिरावल्याची तक्रार टिकत नाही. अशा मागणीवर हृदयविकाराशी लढणारी संस्था, दातांचे डॉक्टर आणि पालकांच्या संघटना एकत्र सही करू शकतात. प्रत्येकाचे कारण निराळे, कागद एकच. अशी आघाडी बांधताना मागण्यांची यादी लांबवण्याचा मोह आवरावा लागतो आणि माझ्या मते खरे कसब तिथेच आहे.

न मागता मिळणाऱ्या गोष्टीत किती ताकद असते, हे वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये दिसले. तिथल्या मुलांच्या जेवणात तोंडीलावणे आणि पेय मुळातच आरोग्यदायी ठेवले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश ग्राहकांनी पेय आणि जवळजवळ निम्म्यांनी तोंडीलावणे न बदलता स्वीकारले. या दोन पदार्थांतले उष्मांक 21 टक्क्यांनी घटले. कोणाला उपदेश करावा लागला नाही.

2015 मध्ये डेव्हिस या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाच्या गावाने पेयाचा नियम केला. 2018 मध्ये बाल्टिमोरने तो स्वीकारला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने राज्यभरासाठी कायदा केला आणि 1 जानेवारी 2019 पासून तो लागू झाला. दरम्यान मॅकडोनाल्ड्स, वेंडीज, बर्गर किंग यांनी मुलांच्या मेन्यूफलकावरून सोडा आपणहून उतरवला होता. त्यामागे पालक संघटनांचा तगादा होता, हे विसरून चालणार नाही.

कायद्यानंतर झालेल्या पाहणीत मेन्यूफलक बरेच बदललेले दिसले. काउंटरवरचे वागणे मात्र फारसे बदलले नव्हते. पाणी किंवा दूध आपणहून पुढे करणारे कर्मचारी विरळच. ‘प्यायला काय देऊ?’ असे विचारले, की रांगेत ताटकळलेले मूल काय सांगणार? म्हणून आता काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांनाही या नियमात सामील करून घ्यावे लागणार आहे.