पाणंदीची जीप: आधी टायर, उंची नंतर
शेतात जायला जुनी फोर-बाय-फोर जीप घेतली, की पाटे वाढवून गाडी उंच करायचा सल्ला लगेच मिळतो. घाई करू नका.

१) पाटे वाढवले की चासी-बॉडी वर जाते, मागचा डिफरन्शियल आहे तिथेच राहतो. चाकोरीतला मधला उंचवटा त्यालाच घासतो. तो उचलतो फक्त मोठा टायर, तोही २ इंचाला १ इंच. त्यापेक्षा एक चाक उंचवट्यावर ठेवून चालवा.

२) पहिला खर्च कंपनीच्या मापातल्या टायरवर करा. डांबर-माती दोन्ही असेल तर ऑल-टेरेन. मड टायर चिखलात धरतात, पण डांबरावर आवाज करतात आणि लवकर झिजतात.

३) बाजूचा चार आकडी कोड वाचा. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. जुना माल परत करा.

४) उंच गाडी बांधावर लवकर कलंडते, माणसं बसलेली असली तर जास्तच. शिवाय कंपनीच्या मापाबाहेरचा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो, विम्यालाही अडचण येते.

५) चिखलात हवा थोडी कमी करा. डांबरावर वेग घेण्याआधी परत भरा.