स्लायडरचे माप आणि सुरांची बारीक जुळणी

तानपुरा लावताना खुंटी पिळून तार सुराच्या जवळ आणली जाते. उरलेला सूक्ष्म फरक घोडीखालचा मणी सरकवून भरून काढला जातो. खुंटीने मण्याचे काम होत नाही आणि मण्याने खुंटीचे. संगणकावरील पियानोत मात्र ही दोन्ही कामे बहुधा एकाच स्लायडरवर सोपवलेली असतात. तो स्लायडर कोणत्या मापाने आखला आहे, यावर सूर नेमका लागणार की हुकणार हे अवलंबून असते.

गोव्याच्या दमट हवेत लाकडी पियानो सुरात राखणे कष्टाचे आणि खर्चाचे काम आहे. त्यामुळे डिजिटल कळफलक आणि संगणकातील पियानो हा पर्याय विद्यार्थ्यांना सोयीचा ठरतो. अशा सॉफ्टवेअरचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात खऱ्या पियानोचे ध्वनिमुद्रित स्वर वाजतात; दुसऱ्यात तार, हातोडी आणि ध्वनिफलक यांच्या वर्तनाचे गणित मांडून स्वर त्या क्षणी घडवला जातो. २००६ मध्ये आलेले फ्रान्समधील ‘पियानोटेक’ हे दुसऱ्या प्रकारातील परिचित उदाहरण. त्यात हातोडीचा कठीणपणा, तारांची लांबी, तारांमधील सूरभेद अशा अनेक गोष्टी बदलता येतात.

यांपैकी सूरभेदाचे उदाहरण पाहू. पियानोच्या मधल्या आणि वरच्या पट्टीत एका स्वरासाठी तीन तारा असतात. त्यांच्यात किंचित अंतर राहिले तर नाद भरीव वाटतो. अंतर वाढले की सूर बेसूर होतो. हे अंतर ‘सेंट’मध्ये मोजतात. एका अर्धस्वराचे १०० सेंट आणि पूर्ण सप्तकाचे १२०० सेंट होतात. ४४० हर्ट्झच्या स्वराजवळ दोन तारांत एक सेंटचा फरक असेल, तर आवाजात सुमारे चार सेकंदांनी एक हेलकावा ऐकू येतो. तीन सेंटचा फरक झाल्यास तोच हेलकावा साधारण सव्वा सेकंदाने येतो. म्हणजे कानाला महत्त्वाचा वाटणारा खेळ अवघ्या दोन-तीन सेंटमध्ये चालतो.

आता २०० पिक्सेल लांबीचा स्लायडर शून्य ते १०० सेंटपर्यंत जातो असे समजू. माप सरळ, म्हणजे रेषीय असेल, तर प्रत्येक पिक्सेलला अर्धा सेंट येतो आणि पहिले तीन सेंट केवळ सहा पिक्सेलमध्ये संपतात. माऊस थोडा हलला तरी सूर निसटतो. उरलेले १९४ पिक्सेल विचित्र, बेसूर नादासाठी राखलेले असतात. त्याऐवजी स्थानाच्या वर्गाप्रमाणे मूल्य वाढेल असे वक्र माप वापरले, तर तेच तीन सेंट जवळपास ३५ पिक्सेलवर पसरतात. स्लायडरची लांबी आणि मर्यादा तीच, तरी हाताला बारीक कामासाठी सहापट जागा मिळते. वरच्या टोकाला पकड काहीशी ढिली होते. पण तिथे नेमकेपणाची गरजही कमी असते.

आवाजाच्या स्लायडरचेही असेच आहे. कान आवाजातील फरक बेरजेने मोजत नाही, तो पटीने जोखतो. रेषीय मापावर स्लायडर पूर्ण उंचीवरून अर्ध्यावर आणला, तर आवाज सहा डेसिबलने उतरतो. तळाशी दोन टक्क्यांवरून एक टक्क्यावर आणला, तरी सहा डेसिबलनेच उतरतो. म्हणून वरचा अर्धा प्रवास मंद वाटतो आणि तळाशी आवाज एकाएकी नाहीसा होतो. यासाठी आवाजाच्या पट्टीवर लघुगणकीय माप वापरले जाते. रेडिओच्या आवाजाच्या बटणांतही हेच तत्त्व पूर्वीपासून पाळले गेले आहे.

स्लायडर कळफलकावरील फिरत्या बटणाला जोडला की आणखी एक अडचण उभी राहते. १९८३ पासून वापरात असलेल्या मिडी पद्धतीत साध्या नियंत्रणाला शून्य ते १२७ अशा १२८ पायऱ्याच मिळतात. १०० सेंटची मर्यादा त्यांत विभागली, तर एक पायरी जवळपास ०.८ सेंटची होते. २०२० मध्ये आलेल्या मिडी २.० मध्ये पायऱ्यांची संख्या प्रचंड वाढली. मात्र जुनी वाद्ये जुन्याच पद्धतीने बोलतात. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये सोय असल्यास बटणाची मर्यादा आखडून घ्यावी. तेच बटण शून्य ते पाच सेंटपुरते जोडले, तर एक पायरी सुमारे ०.०४ सेंटवर येते.

सूर हाताशी येत नाही तेव्हा नवशिक्याला आपला कानच कच्चा आहे असे वाटू लागते. काही जण नवे सॉफ्टवेअर विकत घेतात. त्याआधी काही साध्या गोष्टी तपासाव्यात. पुष्कळ प्रोग्रॅममध्ये शिफ्ट किंवा कंट्रोल कळ दाबून ओढल्यास स्लायडर सावकाश सरकतो. काहींत आकड्यावर दोनदा क्लिक करून मूल्य थेट लिहिता येते. जुळलेली मांडणी टिपून ठेवताना स्लायडरची जागा न पाहता आकडा आणि त्याचे एकक लिहावे. कारण दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये माप वेगळे असले, तर पट्टीवरील तीच जागा निराळाच सूर देते. एका वेळी एकच स्लायडर हलवावा, म्हणजे बदल कशामुळे झाला हे कानाला निश्चित कळते.