डोळ्यातला बुडबुडा आणि बोरघाट

जुईनगरहून बोलतेय. गेले सात आठवडे माझी शहराकडची खबरबात तुम्हाला ऐकू आली नाही. बऱ्याच जणींनी गावात आईला विचारलं म्हणे, पोरगी आजारी आहे की तिचं लग्न ठरलं? लग्न नाही ठरलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आणि मोतीबिंदूचं नव्हे हं. डोळ्याचं ऑपरेशन म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना मोतीबिंदूच आठवतो. माझ्या डोळ्याचा मागचा पडदा सुटला होता. आज इकडच्या तिकडच्या गप्पा कमी आणि त्या पडद्याचं बोलणं जास्त, कारण ते माहीत असणं आपल्याला गावात फार गरजेचं आहे.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. ते बहुतेक वेळा हळूहळू, महिनोन् महिने होत राहतं. शिबिराची तारीख येईपर्यंत थांबलं तरी सहसा बिघडत नाही. पडद्याचं तसं नाही. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा एक पातळ थर असतो. समोरचं चित्र त्याच्यावर उमटतं, म्हणून त्याला पडदा म्हणायचं, डॉक्टर रेटिना म्हणतात. या पडद्याच्या पुढे डोळ्यात घट्ट रसासारखं काहीतरी भरलेलं असतं. तो रस कधी आकसतो, पडद्याला ओढ बसते आणि पडदा फाटतो. मग त्या फटीतून पाणी मागे झिरपतं. पावसाळ्यात सारवलेल्या भिंतीत ओल शिरली की पोपडा कसा धरतो? आधी एका कोपऱ्यात फुगतो, मग पसरत जातो. तसंच इथे होतं. आणि पडद्याचं अन्नपाणी त्याच्या मागच्या थरातून येतं, त्यामुळे जेवढा भाग सुटला तेवढा उपाशी राहतो. मधला, बारीक नजरेचा भाग सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर चांगली वाचते. तो सुटल्यावर जितके दिवस जातील तितकी परत येणारी नजर कमी.

आणि यात दुखत अजिबात नाही. खरी अडचण हीच आहे. उसाचं पातं डोळ्याला लागलं तर आपण बोंब मारत दवाखाना गाठतो. डोळा लाल झाला, चिकटला, तरी जातो. पडदा सुटताना डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही, ठणकत नाही. आरशात बघितलं तर डोळा नेहमीसारखाच दिसतो. मग घरातले म्हणतात, झोप झाली नसेल, उष्णता असेल, बघू आठ दिवसांनी.

मला चष्म्याचा नंबर आहे उणे ९. इतका मोठा नंबर म्हणजे डोळ्याचा गोळा लांबट असतो. साधारण माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर, आमच्यासारख्यांचा २६च्या पुढे. भाकरी जास्त थापली की कडेला विरते, तसा आमचा पडदा कडेला पातळ होतो. म्हणून नंबर तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला दोन वर्षांपूर्वीच तीन खुणा सांगून ठेवल्या होत्या. एक, डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं दिसणं, तेही अंधारात, डोळे मिटलेले असताना. दोन, अचानक खूप काळे ठिपके किंवा जाळी नजरेसमोर तरंगणं. तीन, एका बाजूने सावली किंवा पडदा ओढल्यासारखं वाटणं. एखाददुसरा ठिपका पुष्कळ जणांना वर्षानुवर्षं दिसतो, त्याला घाबरायचं नाही. एका दिवसात नव्याने झुंबड उडाली तर मात्र त्याच दिवशी निघायचं.

मी तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर हिशेब लिहिते. जुईनगरहून एकच स्टेशन. मंगळवारी संध्याकाळी वहीवर मिरी सांडल्यासारखे ठिपके दिसायला लागले. झटकले तरी जाईनात. बुधवारी सकाळी नाकाच्या बाजूने सावली आली होती. आत्या रजा टाकून माझ्याबरोबर दवाखान्यात आली. तिथे थेंब टाकून बाहुली मोठी केली आणि दुर्बिणीतून पार कडेपर्यंत पडदा पाहिला. हे लक्षात ठेवा. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासतात, पडदा नाही. आणि थेंबांनंतर तीन-चार तास नीट दिसत नाही, म्हणून सोबत कोणीतरी हवंच. गुरुवारी ऑपरेशन झालं.

पैशांचं सांगते, कारण तेही तुम्ही विचारणारच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे योजनेतल्या दवाखान्यात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारायचं. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवायचं. पण त्याआधीच्या तपासण्या, रिक्षा, औषधं, बुडालेला पगार, हे सगळं हातातूनच जातं. आईने गटाकडे मागितलं. आमच्या गटाने महिन्याच्या बैठकीची वाट न बघता त्याच संध्याकाळी सह्या करून पैसे दिले. प्रत्येक गटाने असा एका संध्याकाळीत निर्णय होईल असा नियम वहीत लिहून ठेवावा, असं मला तरी वाटतं.

ऑपरेशनमध्ये डोळ्याच्या बाजूला फक्त सुईने बधिर केलं. मी जागी होते, कोणाला वेलदोड्याचा चहा पाहिजे ते ऐकत होते. अर्धा मिलिमीटरच्या आसपासची तीन भोकं पाडून आतला रस काढला, फाटलेल्या जागेभोवती लेझरचे टाके दिले आणि डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला. पोपड्याला चुना लावून वरून तळहात दाबून धरावा, तसं हा बुडबुडा पडद्याला दाबून धरतो. पण बुडबुडा नेहमी वर जातो. डोळ्याचा मागचा भाग वर यायला हवा, तर माणसाने पालथं व्हायला हवं. म्हणून मला सात दिवस मान खाली. तासाला दहा मिनिटं सुटका, जेवण आणि बाथरूम त्यातच. फाट कुठे आहे त्यावर कोणाला एका कुशीवर, कोणाला ताठ बसायला सांगतात. उताणं झोपणं मात्र मना. लहानपणापासून "मान वर करून चाल" म्हणणारी माझी आत्या आठवडाभर "मान खाली, मान खाली" ओरडत होती.

आईचा पहिल्याच दिवशी फोन. "गावी घेऊन या तिला. इथं मोकळी हवा आहे, आराम पडेल." कुठलीही आई हेच म्हणेल. आमचं गाव पाटण तालुक्यात. डॉक्टरांनी ऐकलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाले, बुडबुडा पूर्ण जाईपर्यंत घाट नाही, विमान नाही.

का? मुंबईहून गावी नेलेली वेफर्सची पाकिटं लोणावळ्याला टम्म फुगलेली पाहिली असतील तुम्ही. वर चढलं की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि आत कोंडलेला वायू पसरतो. लोणावळा समुद्रापासून सुमारे ६२० मीटर उंच आहे. पाकिटाला फुगायला जागा असते, डोळ्याला नसते. आतला दाब वाढतो, असह्य दुखू शकतं आणि नजर कायमची जाऊ शकते. जुईनगर खाडीकाठी, गाव घाटावर. बोरघाटाने जा नाहीतर कोकणातून कुंभार्ली घाटाने जा, चढ चुकत नाही. म्हणून मी गेले नाही, आईच खाली उतरून आली. जत्रा बुडाली माझी, आणि तिचीही. हे सांगायचं कारण असं की घाटाखाली ऑपरेशन झालेल्या माणसाला जीपमध्ये घालून वर न्यायची घाई आपल्यातलंच कोणीतरी करतं, मायेने करतं. डॉक्टरांना आधी विचारा, डोळ्यात वायू आहे की तेल?

तेल हा दुसरा प्रकार. माझ्या शेजारच्या खाटेवर एक मावशी होत्या. त्या तीन आठवडे मोतीबिंदूच्या शिबिरासाठी थांबल्या होत्या, मधली नजर गेली तेव्हा आल्या. त्यांच्या डोळ्यात सिलिकॉनचं तेल घातलं. तेल उंचीवर फुगत नाही, त्या घाटावर घरी जाऊ शकल्या. पण तेल आपोआप विरत नाही, काही महिन्यांनी काढायला दुसरं ऑपरेशन लागतं. वायू विरतो. एक प्रकार दोनेक आठवड्यांत, माझ्या डोळ्यातला दुसरा प्रकार सहा ते आठ आठवड्यांत. तोवर दुसऱ्या कशाचंही ऑपरेशन निघालं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण नायट्रस ऑक्साइड नावाचा भुलीचा वायू या बुडबुड्यात शिरून तो फुगवतो. माझ्या मनगटावर त्याची पट्टीच बांधली होती.

घरी करायचं काम म्हणजे थेंब. सुरुवातीला तीन बाटल्या, दिवसाला दहा-बारा वेळा. हात साबणाने धुवायचे, खालची पापणी ओढायची, एकच थेंब, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबायचा. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन टाकतं. बाटलीचं टोक पापणीला लावायचं नाही. बाटली उघडल्याची तारीख पेनने लिहायची, महिन्यानंतर टाकून द्यायची. यातल्या एका बाटलीत स्टेरॉइड असतं. ते डॉक्टर हळूहळू कमी करतात, मनाने बंद करायचं नाही. आणि उरलेली बाटली शेजारणीला द्यायची तर मुळीच नाही. न तपासता ते घालत राहिलं तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. मध, एरंडेल, आईचं दूध, काजळ, यातलं काहीही डोळ्यात नको. रडू आलं तर रडा, त्याने डोळा बिघडत नाही. चोळल्याने बिघडतो. रात्री झोपेत हात जाऊ नये म्हणून डोळ्यावर प्लॅस्टिकचं जाळीदार झाकण लावतात.

गावात असते तर चुलीचा धूर, पाण्याचा हंडा आणि चाऱ्याचा भारा, हे तीन महिनाभर तरी सोडावे लागले असते. दुखणं वाढलं, डोळा जास्त लाल झाला, पू आला, डोकं दुखून उलटी झाली किंवा दिसत होतं त्यापेक्षा कमी दिसायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

दुसऱ्या आठवड्यात एक गंमत सुरू झाली. वर थोडं दिसायला लागलं आणि खाली पातेल्यातल्या पाण्यासारखी डुलणारी रेघ. बुडबुडा डोळ्यात वर असतो, पण पडद्यावर चित्र उलटं पडतं, म्हणून आपल्याला तो खाली दिसतो. रोज ती रेघ थोडी उतरायची. आधी आत्याचं कपाळ दिसलं, मग नाक, मग पूर्ण आत्या.

आपल्यात कोणी जपावं? मोठ्या नंबरवाल्यांनी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनी, डोळ्याला मार बसलेल्यांनी (बैलाचं शिंग, फुटलेलं लाकूड, पोरांचा चेंडू) आणि घरात कोणाचा पडदा सुटला असेल त्यांनी. आठवड्यातून एकदा एक डोळा झाकून दुसऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघा, मग उलट. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाचं झाकून घेतो. काही वेगळं दिसलं तर निघण्याआधी फोन करून विचारा, पडद्याचे डॉक्टर आज आहेत का? सगळीकडे नसतात. तालुक्याला नसले तर जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना.

माझ्या डाव्या डोळ्यातही कडेला पातळ जागा निघाली. तिथे फट पडू नये म्हणून लेझर केलं, पंधरा मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. उजव्या डोळ्याने आता कॅलेंडरवरच्या तारखा वाचता येतात, ओळी जरा वाकड्या दिसतात. चष्म्याचा नवा नंबर आणखी महिन्या-दोन महिन्यांनी. गाळ्यावरचे शेठ हिशेबाला थांबलेत, निदान तसं म्हणतात तरी. बुडबुडा साबुदाण्याएवढा उरलाय. मान खाली घातली की बरोबर मध्ये येऊन बसतो. आईचा जीव शेजारी ठेवलेल्या शेळ्यांत अडकलाय, आणि लोकलच्या आवाजाने तिला झोप येत नाही. गुरुवारी तपासणी आहे. डॉक्टर "गेला" म्हणाले की मगच आत्या पाटणच्या गाडीची दोन तिकिटं काढणार आहे.