सूनबाईची पीएच.डी. आणि आपलं घर

मुळशी तालुक्यात लवळ्याच्या टेकडीवर आता सिम्बायोसिसची जीवशास्त्राची संस्था आहे. तिथे नाहीतर दुसरीकडे कुठे तुमची लेक-सून कर्करोगावर संशोधन करत असेल, तर "अजून परीक्षा संपल्या नाहीत का गं?" असं तुम्ही नक्कीच विचारलं असेल. तेव्हा या परीक्षा आहेत तरी कसल्या, ते समजून घेऊ या.

पहिली परीक्षा प्रवेशाची : 'नेट' किंवा प्रवेश परीक्षा, आणि मुलाखत. मग वर्गातला अभ्यासक्रम. त्यात निदान ५५ टक्के गुण हवेत, नाहीतर पुढची वाट बंद! तिसरी पायरी सर्वांत अवघड. आपण काय शोधणार, कसं शोधणार, हे सल्लागार समितीपुढे उभं राहून सांगायचं. काही संस्थांत यासाठी वेगळी तोंडी परीक्षाच असते. निरोगी पेशीची वाढ थांबते, मग कर्करोगाच्या पेशीची का थांबत नाही? तुझा प्रयोग उलटा निघाला तर काय करशील? अशा प्रश्नांपुढे पाठांतर कामाला येत नाही. पुढेही दर सहा महिन्यांनी समितीला प्रगती दाखवावी लागतेच.

इथे आपण काय करायचं? भाजी निवडता निवडता तिला म्हणा, "मला सांग बघू मराठीतून." सोप्या शब्दांत सांगता येऊ लागलं, की विषय पक्का झाला समजा. त्या आठवड्यात हळदीकुंकू, पाहुणे, वाळवणं पुढे ढकला. बिघडत नाही काही!

"मूल कधी?" हा प्रश्नही परीक्षेच्या तोंडावर नको. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.च्या काळात बाळंतपण-संगोपनासाठी एकदा २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. मुदत सहा वर्षांची. पुन्हा नोंदणी करून दोन वर्षं आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षं मिळू शकतात. हे नियम तिला आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही माहीत हवेत.

लग्न झालं म्हणजे शिक्षण संपलं, असं म्हणणाऱ्यांना पुण्याच्या कमल रणदिवे यांचं नाव सांगा. लग्न १९३९ साली, एम.एस्सी. १९४३ साली, कर्करोग संशोधनातली पीएच.डी. १९४९ साली आणि पद्मभूषण १९८२ साली! शिकताना त्यांना पतीची साथ होती.

परीक्षा तिलाच द्यायची आहे. पण तिला रोज दोन तास शांतपणे वाचायला मिळतील, एवढं तर आपल्या हातात आहे ना?