जैव प्रतिमानांची पुनरावर्तनक्षमता

सजीवांतील एखाद्या प्रक्रियेचे गणिती समीकरणांत वा नियमांत मांडलेले व संगणकावर चालविता येणारे वर्णन म्हणजे संगणकीय जैव प्रतिमान होय. कोशिकेतील रासायनिक विक्रिया, हृदयाचे स्पंदन, रोगाच्या साथीचा प्रसार इ. विषयांच्या अभ्यासात अशी प्रतिमाने वापरतात. प्रसिद्ध झालेले प्रतिमान दुसऱ्या संशोधकाने स्वतंत्रपणे चालविले असता मूळ लेखातील निष्कर्ष पुन्हा मिळाले, तर ते पुनरावर्तनक्षम ठरते. ते समजून घेऊन, त्यात बदल करून किंवा मोठ्या प्रतिमानास जोडून नव्या प्रश्नासाठी उपयोगात आणता आले, तर ते पुनर्वापरयोग्य ठरते. जे प्रतिमान पुन्हा चालविता येत नाही, त्यातील चूक दाखविता येत नाही आणि त्याच्या आधारे पुढील कामही करता येत नाही.

ए. एल. हॉजकिन व ए. एफ. हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड तंत्रिका तंतूतील विद्युत् आवेगाचे प्रतिमान प्रसिद्ध केले. १९६३ च्या नोबेल पारितोषिकात ते दोघे सहभागी होते. आवेगाची आकडेमोड हक्सली यांनी हाताने फिरवावयाच्या गणनयंत्रावर केली. समीकरणे, स्थिरांक व प्रयोगाचे तापमान ही सर्व माहिती लेखात दिलेली असल्यामुळे हे प्रतिमान आजही कोणालाही चालविता येते. तथापि त्यात पटलावरील वर्चसाचे चिन्ह आजच्या प्रघाताच्या उलट धरलेले आहे. ही गोष्ट ध्यानात न घेता ती समीकरणे दुसऱ्या प्रतिमानास जोडल्यास उत्तर चुकते. यावरून मूल्यांबरोबर एकके व संकेतही स्पष्ट नोंदविणे का आवश्यक असते, हे कळून येते.

संगणकाच्या प्रसाराबरोबर प्रतिमानांचा आकार वाढला आणि ती केवळ छापील लेखातून पुन्हा उभी करणे अवघड झाले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ४५५ प्रतिमाने तपासण्यात आली. त्यांपैकी सुमारे निम्मी प्रतिमाने लेखातील माहितीवरून पुन्हा चालविता आली नाहीत. दुरुस्त्या करून किंवा मूळ लेखकांचे साहाय्य घेऊन आणखी सु. १२ टक्के प्रतिमाने जुळली. ३७ टक्के अखेरपर्यंत जुळली नाहीत. प्रचलांची मूल्ये किंवा आरंभीच्या संहती न देणे आणि समीकरणांच्या रचनेतील विसंगती ही त्याची प्रमुख कारणे आढळली. समीकरणातील एक चिन्ह छपाईत बदलले, तरी परिणाम पूर्णपणे वेगळा येऊ शकतो.

उपाय : यांवर उपाय म्हणून निरनिराळ्या आज्ञावलींना वाचता येतील अशा सामाईक संकेतभाषा तयार करण्यात आल्या. एसबीएमएल ही कोशिकेतील विक्रियांसाठीची भाषा २००१ मध्ये पुढे आली. न्यूझीलंडमधील ऑक्लंड विद्यापीठात सेलएमएल ही भाषा विकसित झाली. प्रतिमानासोबत किमान कोणती माहिती असावी, याचे ‘मिरिअम’ नावाचे नियम २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार प्रत्येक घटकास प्रमाणित संग्रहातील ओळखक्रमांक जोडतात. त्यामुळे दोन लेखकांनी एकाच पदार्थाला निरनिराळी नावे दिली, तरी तो पदार्थ एकच असल्याचे संगणकास कळते. त्याच वर्षी इंग्लंडमधील हिंक्स्टन येथील यूरोपीय जैवमाहिती संस्थेत ‘बायोमॉडेल्स’ हा संग्रह सुरू झाला. तेथील तज्ञ प्रतिमान स्वतः चालवून त्याचे निष्कर्ष लेखातील आलेखांशी ताडून पाहतात. प्रतिमानावर कोणता संगणकीय प्रयोग कोणत्या क्रमाने केला, हे नोंदविण्यासाठी सेड-एमएल ही वेगळी भाषा आहे. प्रतिमानात यदृच्छ संख्यांचा वापर असल्यास त्यांच्या मालिकेचा आरंभांक व आज्ञावलीची आवृत्ती याही गोष्टी नोंदवाव्या लागतात.

महत्त्व : प्रतिमानांचे निष्कर्ष सार्वजनिक निर्णयांपर्यंत पोहोचू लागल्याने या प्रश्नाचे गांभीर्य वाढले आहे. औषधामुळे हृदयाची लय बिघडण्याचा धोका अजमावण्यासाठी मानवी हृदयकोशिकेचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले ओ’हारा–रूडी प्रतिमान आधारभूत म्हणून घेण्यात आले आहे. मार्च २०२० मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजने कोव्हिड साथीविषयीचे प्रतिमानाधारित अंदाज जाहीर केले. त्याची आज्ञावली त्या वेळी खुली नसल्यामुळे टीका झाली. ती नंतर खुली करण्यात आली व केंब्रिज येथे झालेल्या स्वतंत्र तपासणीत प्रमुख निष्कर्ष पुन्हा मिळाले.

पुनरावर्तनक्षम प्रतिमान सत्य असतेच असे नाही. चुकीच्या गृहीतकांवर आधारलेले प्रतिमानही दर वेळी तेच उत्तर देऊ शकते. प्रतिमान निसर्गाशी जुळते की नाही, हे प्रयोगानेच ठरते. परंतु प्रतिमान नेमके काय सांगते, हे निश्चित झाल्याखेरीज त्याची प्रयोगाशी तुलना करता येत नाही.