चित्र लख्ख, पण आवाज कुठाय?

घरचा समारंभ असो, आईच्या हातची पुरणपोळी असो, गावचं कीर्तन असो की शिकवणीचा वर्ग, हल्ली मोबाइलवर चित्रीकरण सगळेच करतात. फोन घेताना कॅमेरा दहादा पारखला जातो. माइकची आठवण मात्र व्हिडिओ बिघडल्यावर येते. खिशाला परवडेल असा वायरलेस माइक निवडायचा तरी कसा?

आमच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन २०१८ साली झालं. ओवाळणी आटोपल्यावर आजी रंगात आली आणि १९७२च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगू लागली. खडी फोडायला जाणं, तान्ह्या आत्याला झाडाच्या फांदीला झोळी बांधून निजवणं, कामावर मिळणारी सुकडी... मी लगेच फोन काढला, बारा फुटांवर तिपाईवर ठेवला आणि चाळीस मिनिटं चित्रीकरण केलं. दोन वर्षांनी आजी गेली. तेराव्याला सगळे जमले असताना तो व्हिडिओ लावला. आजीच्या नऊवारीचा काठसुद्धा स्पष्ट दिसत होता. पण ऐकू येत होता तो डोक्यावरचा पंखा, स्वयंपाकघरातला मिक्सर आणि अंगणातली पोरं. आजी ओठ हलवत होती, इतकंच!

फोन चांगल्यातला होता. मग चुकलं कुठे?

सगळा खेळ अंतराचा

चुकलं ते अंतर. बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की तोंडून थेट पोचणाऱ्या आवाजाची ताकद चौथाईवर येते. माइक ओठांपासून वीतभर, म्हणजे साधारण नऊ इंचांवर असेल, तर बारा फूट हे त्याच्या सोळापट अंतर झालं. म्हणजेच आवाजाची ताकद २५६ पटींनी कमी! पंखा मात्र होता तिथेच गरगरत असतो. माइक बिचारा जे जवळचं आणि मोठं, तेच पकडणार.

वायरलेस माइकची खरी किमया हीच. तो काही जादूने आवाज सुधारत नाही. तो फक्त माइकला बोलणाऱ्याच्या गळ्याजवळ नेऊन ठेवतो आणि कॅमेऱ्याला दूर राहू देतो. हे एकदा ध्यानात आलं की दुकानदाराच्या निम्म्या गप्पांना आपण भुलत नाही.

वायर चालेल का, ते आधी पाहा

बोलणारी व्यक्ती एका जागी बसून बोलणार असेल, तर वायरलेसची गरजच नाही. साधा वायरचा कॉलर माइक हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो. बोयाच्या बीवाय-एम१ या माइकची वायर तर सहा मीटर, म्हणजे जवळजवळ वीस फूट लांब असते. आजीसाठी तेवढा पुरला असता.

आणखी स्वस्त युक्ती हवी? घरातला जुना फोन घ्या, त्याला कॉलर माइक जोडा, रेकॉर्डिंग सुरू करून तो बोलणाऱ्याच्या खिशात ठेवा. दुसऱ्या फोनने चित्रीकरण करा आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक मोठी टाळी वाजवा. नंतर संकलन करताना ती टाळी जुळवली की चित्र आणि आवाज एकत्र बसतात. सिनेमावाले क्लॅप देतात तो याचसाठी.

वायरलेसच हवा असेल तर

फळ्यापाशी फिरणारे गुरुजी, ओट्यापासून फ्रिजपर्यंत जाणारी गृहिणी, उभं राहून निरूपण करणारे कीर्तनकार यांच्यासाठी मात्र वायरलेस हवाच. संचात दोन भाग असतात. बोलणाऱ्याच्या अंगावर ट्रान्समीटर आणि फोनला किंवा कॅमेऱ्याला रिसीव्हर. पैसे मोजण्यापूर्वी पुढच्या गोष्टी विचारून घ्या.

माणसं किती? मुलाखत घ्यायची असेल, तर दोन ट्रान्समीटरचा संच घ्या. एकटाच बोलणार असेल, तर उगाच जादा पैसे घालू नका.

पिन कुठली? नव्या फोनला टाइप-सी लागते. आयफोनलाही पंधराव्या मालिकेपासून, म्हणजे २०२३पासून तीच. त्याआधीच्या आयफोनला लाइटनिंग पिन हवी. कॅमेऱ्याला बहुधा गोल पिन लागते. तिच्यावर दोन काळ्या पट्ट्या असतील तर ती कॅमेऱ्याची, तीन असतील तर फोनची. फोनचं कव्हर जाड असेल तर पिन पूर्ण आत बसत नाही, तेव्हा दुकानात कव्हरसकट लावून पाहा. रिसीव्हर लावल्यावर फोन चार्ज करता येतो का, हेही विचारा.

ऐकायची सोय आहे का? रिसीव्हरला हेडफोन जोडता येत असेल, तर आवाज बिघडल्याचं तिथल्या तिथे कळतं. अगदी स्वस्त संचांत ही सोय बहुधा नसते.

स्वतःची नोंद ठेवतो का? काही ट्रान्समीटर आवाज स्वतःमध्येही साठवतात. मध्येच लहरी तुटल्या तरी बोलणं वाया जात नाही. रोडच्या २०२१च्या वायरलेस गो टूमध्ये ही सोय आहे. डीजेआयच्या २०२४च्या माइक मिनीचा ट्रान्समीटर अवघा दहा ग्रॅमचा, पण त्यात ती नाही. लग्नासारखा पुन्हा न येणारा प्रसंग टिपायचा असेल, तर या सोयीचे पैसे जरूर मोजा.

भावाचं म्हणाल, तर फोनला लावायचे साधे संच हजार-दोन हजारांत मिळतात. पाच ते दहा हजारांत घरगुती आणि छोट्या व्यवसायाचं काम निभावतं. त्याच्या वर जायचं ते रोजची कमाई त्यावर असेल तरच.

आकड्यांना भुलू नका

खोक्यावर ‘२०० मीटर’ लिहिलेलं असतं. ते मोकळ्या मैदानात, मध्ये काहीही आडवं नसताना. बहुतेक स्वस्त संच २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात. या पट्ट्याला आपल्याकडे परवाना लागत नाही, म्हणून वायफाय आणि ब्लूटूथचीही इथेच दाटी. शिवाय माणसाचं शरीर या लहरी अडवतं. वक्त्याने पाठ फिरवली आणि ट्रान्समीटर त्याच्या पोटाशी असला, की आवाज तुटू लागतो. मंगल कार्यालयात पाचशे फोन जमलेले असतात, तिथे दहा-पंधरा मीटरांच्या पलीकडचा भरवसा धरू नये.

परदेशातून आलेले जुने यूएचएफ संच कधी कधी कवडीमोलाने मिळतात. इथे सावध राहा. अमेरिकेने वायरलेस माइकना ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१०मध्ये आणि ६०० मेगाहर्ट्झचा बराचसा पट्टा २०२०मध्ये बंद केला. आपल्याकडेही २०२२च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी मोबाइल सेवेसाठी विकल्या गेल्या. असा संच स्वस्तात गळ्यात पडला तरी वापरता येईलच असं नाही.

माइक लावावा कुठे?

माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर असावा. शर्टाला गुंडीच्या पट्टीवर लावा. साडी असेल, तर पदराच्या काठाला खांद्याच्या थोडं खाली लावा आणि मंगळसूत्र किंवा साखळी त्याला घासत नाही ना, ते पाहा. सोन्याचा नाजूक आवाज माइकमध्ये घुंगरासारखा वाजतो. कडक रेशमी काठ आणि खळ घातलेली साडीही चुरचुरते. उघड्यावर असाल, तर संचातली केसाळ टोपी माइकला घालाच. वाऱ्याची घरघर नंतर कुठल्याच उपायाने पुरती जात नाही.

आणि एक नियम कधीही मोडू नका. आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि इअरफोन लावून ऐका. काही फोनचा मूळ कॅमेरा बाहेरचा माइक ओळखतच नाही. काहींमध्ये ओटीजी आधी चालू करावं लागतं. हे अर्ध्या मिनिटात कळलं तर ठीक, नाहीतर समारंभ संपल्यावर कळतं! पंखा, मिक्सर, टीव्ही बंद करायला तर छदामही लागत नाही.

गेल्या दिवाळीत मी आत्याला बसवून आजीच्या त्याच गोष्टी पुन्हा सांगायला लावल्या. कॉलर माइक साडेआठशेचा होता. आत्याचा शब्द न् शब्द ऐकू येतो. मध्येच ती थांबते, आवंढा गिळते, तोही ऐकू येतो. पण ती शेवटी झोळीतली तान्ही. तिला आठवतं ते आजीने सांगितलेलं. खडी फोडणारे हात ज्यांचे होते, त्यांचं बोलणं मात्र पंख्याच्या घरघरीत गेलं ते गेलंच.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर माइक कुठला घ्यायचा याचा काथ्याकूट फार दिवस करू नका. येत्या रविवारी पंखा बंद करा, वीतभर अंतरावर माइक लावा आणि त्यांना बोलतं करा!